बुळबुळीत गाठ

चेन्नईतल्या एग्मोरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जनकोजी तीस वर्षं एकच काम करत होता. मेणात बसवलेल्या तुकड्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. पायांच्या शिरा फुगलेल्या, तुकडे टिकवायच्या फॉर्मेलिनने डोळे कायम लाल. तंजावरचा मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोले. फार नाही.

२००६च्या मे महिन्यात सहाना नावाच्या चौतीस वर्षांच्या शिक्षिकेचं मूत्रपिंड काढून आमच्याकडे आलं. आत लिंबाएवढी गाठ. दोन दिवसांनी काचेवर लांबट पेशींच्या रांगा दिसल्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगात अशा पेशी म्हणजे रुग्णाच्या हाती बहुतेकदा वर्षभरच. ती माझी दिवसातली चाळिसावी काच होती. सर्जनला फोनवर तसं सांगूनही टाकलं. घाई, दुसरं काय.

रिपोर्ट टायपिंगला न्यायचा सोडून जनकोजी तसाच उभा.

"डाक्टरम्मा, ह्या गाठीचे तुकडे डबीत मीच भरले. हातमोजे बुळबुळीत झाले."

"मग?"

"वाईट गाठ अशी लागत नाही."

"आता बोटांनी निदान करणार का तू?"

"निदान तुम्हीच करा. मला एक निळा रंग घालू द्या."

चिकट स्राव असला की त्या रंगाने तो निळा होतो. दोघांनाही घरी जायचं होतं. घाल म्हटलं.

सकाळी काच पाहिली. पेशींच्या रांगांमध्ये सगळीकडे निळं. पेशींची केंद्रकं पुन्हा तपासली, तर लहान, गोल, शांत. हे मला आदल्या दिवशीच दिसायला हवं होतं. चिकट स्रावाची ही गाठ दुर्मिळ, पुस्तकांतही नुकतीच आलेली. पूर्ण निघाली की बहुतेकांचं निभावतं.

सहानाचा नवरा प्राणेश रिपोर्ट न्यायला आला. सर्जनने त्याला माझं पहिलं निदान रात्रीच सांगितलं होतं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.

"काल सांगितलं ते चुकलं," मी म्हटलं. "चूक माझी. औषधं नकोत, दर सहा महिन्यांनी तपासणी."

"म्हणजे वर्षच उरलंय असं नाही?"

"नाही. आणि आभार मानायचे तर आतल्या खोलीतल्या माणसाचे माना."

तो आत गेला. हात जोडून उभा राहिला. जनकोजीने यंत्रावरून मान वर केली नाही.

"बसा. त्या स्टुलावर नको, मेण सांडलंय."