दुसरा हो

मूल शहराच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात मोहफुलं वेचायला कोणी एकटं जात नाही. पूर्वी जायचे, वाघ वाढले तेव्हापासून नाही. माझे बाबा बायांची राखण करणारे स्वयंसेवक. एक शिट्टी आणि एक काठी, एवढीच त्यांची कमाई. उजाडायच्या आत आईसाठी चहा ठेवायचे, तिच्या दम्याची गोळी बशीत काढून ठेवायचे आणि निघायचे. गावात कुणाची बाळंतीण अडली, कुणाचं छप्पर उडालं, की भरल्या ताटावरून उठायचे. आई चिडायची. मीही चिडायचे, कारण चूल पुन्हा मलाच पेटवावी लागायची.

जंगलात नावानं हाक मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. बाबा मधल्या मोहाखाली उभे राहून लांब 'हो' द्यायचे. मग ज्या त्या झाडाखालून एकेक 'हो' परत यायचा. बोटांच्या पेरांवर ते मोजायचे. आम्ही अकरा जणी होतो. अकरावा आवाज आला की खाली बसून तंबाखू चोळायचे.

मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी होते आणि सगळ्या जगावर रुसलेली होते. शेजारची काकी माझ्या बाजूच्या झाडाला असायची. त्या सकाळी ती टोपली उचलून म्हणाली, "नाल्याच्या पलीकडं सडा पडून हाय. पटकन येचून येते. तुह्या बापानं हाक देल्ली तं माया बदली हो म्हनजो."

"बाबा रागवन ना वं, काकी."

"त्याले काय समजते!"

मला गंमत वाटली. हाक आली तेव्हा मी माझा हो दिला, मग आवाज थोडा घोगरा करून काकीचा. बाबा माझ्या झाडाकडे जरा वेळ बघत राहिले, असं मला आता आठवतं. मग ते खाली बसले.

काकी दुपारी सापडली, नाल्यापलीकडच्या बांबूत. वाघानं फार दूर नेलं नव्हतं. टोपली भरलेली होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा तिच्यावर घातला आणि जमलेल्या गावासमोर हात जोडले. "चूक माई हाय. मले आता कमी ऐकू येते. मोजन्यात चुकलो."

मी गर्दीतच उभी होते. तोंड उघडलं नाही. लोकांची भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून बाबा बहिरे झाले. आम्ही घरात ओरडून बोलू लागलो. माझ्या भावाच्या लग्नात पाहुण्यांनी त्यांची टर उडवली, ते हसत राहिले. जंगलात जाणं सोडलं नाही, पण हाक देणं सोडलं. प्रत्येक झाडापाशी चालत जाऊन चेहरा बघायचे, त्यात गुडघे गेले. काकीच्या घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, दर उन्हाळ्यात तेच शाकारून द्यायचे. तिचा नवरा पाण्यालासुद्धा विचारायचा नाही. काकीच्या मुली आमच्या दारात आल्या की मी आतल्या खोलीत जायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी खाट धरली. एका दुपारी मी पाय चेपत होते. त्यांचे डोळे मिटलेले, कान तर गेलेलेच. म्हणून धीर आला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं मी पुटपुटत सांगून टाकलं.

"मालूम हाय," बाबा म्हणाले.

माझे हात थांबले.

"पोटच्या पोरीचा आवाज वळखू येनार नाई काय? तवाच वळखलो. वाटलं, दोघी मस्करी करून राह्यल्या. चार पावलं चालाचा कंटाळा केला म्या."

"मंग कान काऊन गेले म्हनून सांगितलं, बाबा? लोकं केवढे हासले तुमाले."

"तुहं लग्न व्हाचं होतं." त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला. "चेप ना वं."

आठ दिवसांनी ते गेले. सगळं गाव पोचवायला आलं. काकीचा नवराही आला. "बयरा होता, पन देवमानूस होता," म्हणाला. मी तिथंही गप्पच राहिले. माझी मला किळस आली.

आता पुन्हा मोह पडतो आहे. नवा स्वयंसेवक मधल्या झाडाखालून हाक देतो. मी एकदाच हो म्हणते, टोपली खाली ठेवते आणि कान देते. नाल्याकडून माझ्याच आवाजातला दुसरा हो येतो, थोडा घोगरा. रोज येतो, बाकी कुणी मान वळवत नाही. तो पोरगा पेरं मोजतो आणि खाली बसतो. चालत बघायला कोणी येत नाही.