एकट्याचा बँड

"काकू, कान रिकामा हाय काय?"

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो असं विचारायचा. हातात छोटा टेपरेकॉर्डर, गळ्यात हेडफोन. मी हो म्हणायच्या आत तो हेडफोनचे काळे स्पंज शर्टाच्या टोकानं पुसून माझ्यापुढे धरायचा. माझे हात पिठाचे असले तर स्वतःच माझ्या कानांवर चढवायचा, आणि मग दहावीचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.

मुलांनो, तुम्ही मागच्या महिन्यात जो फोटो पाठवलात, त्यात दोघांच्याही कानांत पांढऱ्या वायरी आहेत. तो फोटो पाहिला आणि मला हा आठवला. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. पण तुम्ही जी गाणी ऐकता, तसली गाणी तुमच्या आजीनं महाडमध्ये पोळ्या लाटता लाटता ऐकली आहेत, हे तुम्हाला माहीत असावं.

तुमच्या आईचं लग्न झालं, ती परदेशी गेली आणि आमच्या घराची बाहेरची खोली रिकामी पडली. आजोबांनी ती भाड्यानं द्यायचं ठरवलं. हा खोली बघायला आला. माझ्या अटी होत्या. चपला बाहेर, जाताना दिवा बंद आणि दुपारी जेवणानंतर आवाज नको. तो प्रत्येक अटीला मान हलवत गेला. सगळं ठरल्यावर पायरीखाली ठेवलेली गिटार उचलून आत आणली.

"ही आवाज करते का?" मी विचारलं.

"करते. पण विचारून करते," तो बोलला.

तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीचा. घरी म्हशी, शेळ्या आणि नाचणीची शेती. मिसरूड फुटायच्या आधीच चुलत्याबरोबर मुंबईला गेला आणि एका रेकॉर्डिंग स्टुडिओत वायरी गुंडाळायच्या कामाला लागला. तिथे कॉलेजची मुलं आपापले बँड घेऊन यायची. हा चहा आणून द्यायचा, माइक उभे करायचा आणि जाता जाता त्यांच्याकडून परदेशी बँडच्या कॅसेटींच्या नकला मागून घ्यायचा. पुढे तो स्टुडिओ बंद पडला. हा परत आला आणि आमच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करू लागला.

त्या कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत आणि डबा कपाटाच्या वर. महाडमध्ये जे भिजू नये असं वाटतं ते सगळे उंचावरच ठेवतात. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत येताना दार वाजवत नाही.

त्याचे आवडते बँड मोठे नव्हते. अमेरिकेतल्या कुठल्यातरी लहान गावातली चार मुलं, इंग्लंडातल्या एखाद्या गिरणीच्या शहरातली तीन. कुणी मोटार ठेवायच्या खोलीत गाणी रेकॉर्ड केलेली, कुणी तळघरात. गाणारा कधी कधी सुरात नसायचा, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. मी हे बोलून दाखवलं की तो खूश व्हायचा.

"ह्यांना कोण कंपनी विचारत नाय, काकू. तरी गातात! सोताच गाणी बनवतात, सोताच रेकॉर्ड करतात, सोताच वाटतात."

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्यामुळे त्या गाण्यांचे शब्द उतरवून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद, पेन घेऊन नीट बसायची. पहिलं गाणं उतरवलं तेव्हा मला वाटलं होतं, एवढं घसा फाडून गातात तर काहीतरी मोठं सांगत असतील. निघालं काय, तर एका मुलाची जुनी मोटार बर्फात बंद पडली आहे आणि तो मैत्रिणीच्या घरी वेळेवर पोचणार नाही. दुसऱ्या गाण्यात कुणाची तरी आई खिडकीशी भांडी घासत होती. बस्स.

"अरे, यात काहीच नाही," मी म्हटलं.

तो ताडकन उठला. "तेच तर, काकू! त्यांच्या गावची गाडी बिघडते, ती गाण्यात येते. मग आमची यष्टी घाटात बंद पडते, ती का येऊ नये?"

आणि ती आली. त्या आठवड्यात त्यानं यष्टीचं गाणं केलं. घाटात गाडी गरम होते, ड्रायव्हर सगळ्यांना उतरवतो, आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ एकाच दगडावर बसून वाट बघतात. नंतर एक शेळ्यांचं झालं. मग फोनचं झालं. त्याची आई महिन्यातून एकदा डोंगर उतरून पोलादपूरला यायची आणि एसटीडी बूथमधून मुंबईच्या धाकट्या मुलाशी बोलायची. मुंबई लांब, म्हणून मोठ्यानं ओरडायची. बूथबाहेरच्या रांगेला घरातली सगळी बातमी कळायची. तो गायचा,

"आये, डोंगर मधी हाय, पण तार हाय चांगली,
हळू बोल गो, हळू बोल."

आजोबा म्हणाले, हे गाणं आपल्या घरालाही लागू आहे. तुमच्या आईचा फोन आला की मी कशी बोलते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

गाणी पुरेशी झाल्यावर त्यानं रेकॉर्डिंग काढलं. आमची धान्याची खोली त्यासाठी मागून घेतली. भिंतींवर गोधड्या टांगल्या, दाराच्या फटीत पोती कोंबली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. आधी एकावर गिटार आणि गाणं भरायचा. मग ते वाजवत ठेवून त्याच्याबरोबर पुन्हा गायचा, आणि दोन्ही आवाज मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचा. मग तो दुसरा वाजवून तिसरा आवाज. असं करत करत एका माणसाची पाच-सहा माणसं व्हायची. सुट्टीचा दिवस असला की हे सकाळपासून चालायचं. घामानं निथळत बाहेर यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि परत आत. एका गाण्यात माझ्या कुकरची शिट्टी शिरली. मी ओशाळले, पण त्यानं ती काढली नाही.

"राहूदे. तुमचं घर हाय त्यात," बोलला.

कॅसेट तयार झाली. कव्हरवर त्यानं स्वतः काढलेलं घाटाचं चित्र होतं, झेरॉक्स केलेलं. पहिली प्रत त्यानं आम्हा दोघांना दिली. आम्ही ती पुढच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवली. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना मी आग्रहानं बसवून ऐकवली. त्या म्हणाल्या, "केवढा मोठा ग्रुप आहे हो यांचा!" मी म्हटलं, "ग्रुप नाही, आमचा भाडेकरू आहे." असं सांगताना मला किती बरं वाटलं, ते काय लिहू!

पण त्याला ती ऐकवायची होती एकाच माणसाला, त्याच्या वडिलांना.

वडील वाडीतले बुवा. गौरी-गणपतीत आमच्या इकडे जाखडीचा नाच होतो. पोरं पायात घुंगरू बांधून गोल फिरतात आणि मधे बुवा ढोलकी घेऊन बसतो. बुवानं ओळ गायची आणि मागच्यांनी ती उचलून धरायची. त्या उचलण्याला झील म्हणतात. मुंबईला असलेली माणसंही त्या दिवसांत वाडीवर येतात, ती या नाचासाठी. याची लहानपणापासूनची एकच इच्छा होती, की आपलं गाणं बापानं त्या गोलात घ्यावं. बाप म्हणायचा, आधी गाणं बनवून दाखव. आता तो बनवून घेऊन निघाला होता. गणपतीला आठवडा राहिला असताना, नवा शर्ट घालून, कॅसेट रुमालात गुंडाळून गेला.

दुसऱ्या दिवशी परत आला तो सरळ खोलीत. जेवायला हाक मारली तर आला नाही. संध्याकाळी आजोबांनी त्याला ओढूनच आणला.

"काय झालं? आवडली नाहीत का गाणी?"

"गाण्याचं काय बोललेच नाय." तो ताटाकडे बघत होता. "सगळी बाजू ऐकली. मग बोलले, हे मागं कोण हाय? मी बोललो, मीच. हा दुसरा? मीच. आणि हा तिसरा? तो पण मीच. तर बोलले, एवढी झील तुझी तूच धरलीस? वाडीत माणसं मेली काय रे?"

मला आधी यातला घाव कळला नाही. मग त्यानं सांगितलं. त्यांच्या वाडीत स्वतःच्या ओळीला स्वतः झील धरत नाहीत. वाळीत टाकलेला माणूसच तसं गाईल, ज्याच्यामागे उभं राहायला कुणी नाही. आणि यानं तेच केलं होतं, अगदी मेहनतीनं, पुन्हा पुन्हा.

"पण माझे बँडवाले असंच करतात," तो बोलला. "सगळं सोताच."

आजोबा आमटी वाढत होते. "अरे, ते चार जण असतात ना? तू बँड म्हणतोस आणि वाजंत्री एकच!"

तो रागावला. मग हसला. आणि जेवून उठताना म्हणाला, "गौरीच्या सणाला दोघं वाडीवर या. काकू, तुम्हाला काम हाय."

ओवशाच्या दिवशी, म्हणजे नव्या सुना गौरीपुढे सुपं ओवाळतात त्या दिवशी, आम्ही गेलो. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, त्याच्यापुढे पायवाट. भाताच्या खाचरांच्या बांधावरून आजोबा दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा दगडाला दोष दिला. माझं काम असं होतं, की पडवीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचं, बटण दाबायचं आणि सगळ्यांना गप्प करायचं. शाळेत मी हे आयुष्यभर केलं होतं. पण वाडीचा वर्ग निराळा होता. मुंबईहून आलेली तरणी माणसं, गोठ्यातली म्हैस, कोंबडा आणि याची आई.

बुवा खांबाला टेकून बसले होते. ढोलकी समोर होती, पण हात मांडीवर. पोरानं कॅसेट ऐकवून बोलावून आणलेली माणसं त्यांच्याभोवती बसली होती. हा गिटार घेऊन उभा, चेहरा उतरलेला. मी बोट वर केलं. कोंबडा आरवला. मी बोट खाली घेतलं. सगळे हसले, एक बुवा सोडून.

दुसऱ्यांदा बोट वर केलं. त्यानं फोनचं गाणं सुरू केलं. "आये, डोंगर मधी हाय, पण तार हाय चांगली..." आणि ओळीच्या शेवटी तो थांबला. स्वतःच्या झिलेची जागा त्यानं मोकळी सोडली. मागून काहीच आलं नाही. माणसं बुवांकडे बघत होती.

तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेली त्याची आई बाहेर आली. "हे माझ्यावर केलंस काय रे? मी कुठं वरडते फोनवर? सांग ना, मी कुठं वरडते?" आणि हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

सगळी पडवी एका आवाजात ओरडली, "हळू बोल गो, हळू बोल!"

कुणी ठरवलं नव्हतं. ती झील होती, आणि बरोबर जागेवर पडली होती. बुवांचे हात ढोलकीवर गेले. पहिल्यांदा फक्त बोटं, मग तळवा. त्यांनी गाण्याची लय थोडी उतरवली, पोरानं गिटार त्यांच्या मागे नेली. पुढची ओळ, पुन्हा झील. पोरांनी घुंगरू बांधले नव्हते तरी पाय जमिनीवर पडू लागले. त्याची आई दाराच्या चौकटीत, पदर तोंडाला लावून, हसत होती की काय ते कळत नव्हतं. मी बटण धरून बसले होते. खरं तर ते धरायची गरज नसते, एकदा दाबलं की झालं.

गाणं संपलं. बुवांनी ढोलकी मांडीवरून सरकवली नाही. पोराकडे न बघता म्हणाले, "दुसरं काढ."

त्यानं दुसरं काढलं. मग तिसरं. जेवणं थंड झाली. आजोबांना नाचता येत नाही, तरी ते नाचले, हे मी पाहिलं आहे. तुम्ही त्यांना विचारा, ते कबूल करणार नाहीत.

पडवीत भरलेली ती दुसरी कॅसेट वाडीच्या माणसांबरोबर मुंबईला गेली, तिथून कुठे कुठे पोचली ते सांगता येत नाही. एकदा महाडच्या स्टँडवर एका जीपमध्ये ती वाजत होती. मी ड्रायव्हरला सांगितलं, "हे रेकॉर्डिंग मी केलंय." त्यानं माझ्या लुगड्याकडे आणि पिशवीकडे पाहिलं आणि आदरानं काच पुसू लागला.

पुढे कारखान्यातल्या माणसांबरोबर त्यालाही आखाती देशात काम मिळालं. खोली झाडून, दिवा बंद करून गेला. बिस्किटांचा डबा घेऊन गेला, गिटार वाडीवर ठेवली. गणपतीला सुट्टी मिळेल म्हणाला होता, ती मिळाली नाही.

त्या वर्षी बुवांनी निरोप पाठवला म्हणून आम्ही पुन्हा वर गेलो. दुपारची वेळ, अंगण सारवलेलं, गोल भरलेला. यष्टीचं गाणं इतरांनी मिळून म्हटलं. फोनच्या गाण्याची ढोलकी सुरू झाली तेव्हा मुंबईहून आलेला त्याचा धाकटा भाऊ पुढे झाला आणि ओळ गायला तोंड उघडलं.

बुवांनी ढोलकी न थांबवता एक हात वर केला. "ती त्याची हाय."

भाऊ मागे सरला. ढोलकी चालत राहिली, पोरं फिरत राहिली, घुंगरू वाजत राहिले. त्याची ओळ जेवढी लांब, तेवढा वेळ अंगणात कुणी तोंड उघडलं नाही. मग ती जिथं संपायची तिथं सगळ्या वाडीनं एकदम झील धरली.