म्हशीइतका काळा

आमच्या गल्लीत दूध घालणारा गवळी टीव्ही घ्यायला निघाला, तेव्हा त्यानं खिशात पेन ड्राइव्ह टाकला. त्यात त्याच्या लाडक्या म्हशीचा अगदी जवळून काढलेला व्हिडिओ होता. सल्ला द्यायला म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं. पण तो कुणाचा सल्ला ऐकत नाही, फक्त म्हशीला विचारतो.

दुकानात त्यानं प्रत्येक टीव्हीवर म्हैसच लावायला लावली. पहिल्या एलईडीपाशी ओरडला, "जांभळी दिसत्या की ही!" दुसऱ्यावर, "ही करडी. आजारी वाटत्या."

"रंग कमी-जास्त करता येतो," सेल्समन म्हणाला.

"माझ्या म्हशीचा रंग तुम्ही बदलणार व्हय?"

शेवटी काळं अगदी काळंच दाखवणाऱ्या, सगळ्यांत महागड्या ओएलईडीसमोर त्यानं पायातल्या चपला काढल्या.

परवा मी मॅच बघायला त्याच्याकडे गेलो. नवरा-बायको काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसले होते.

"लावा की टीव्ही," मी म्हणालो.

"लावलाय की, सर. गप बसून बघा. आत्ता कान हलिवत्या."

मी बसलो. बऱ्याच वेळानं त्या काळ्यात काहीतरी फडफडलं, आणि मॅच विसरून मीच ओरडलो, "हलला!"