मशीन धरून हिशोब

"हिशोब शंभर अँपिअर-अवरचा येतोय आणि तुम्ही तिप्पट बॅटऱ्या मागताय. कशाला?" मी जोशीकाकांना विचारलं.

इंग्लंडात रीडिंग गावाजवळ कालव्यावर त्यांची नॅरोबोट, म्हणजे राहता येईल अशी लांब अरुंद बोट, उभी होती. आयटीतून रिटायर झालेले काका काकूंना घेऊन तिच्यावरच राहणार होते. मी बोटयार्डात इलेक्ट्रिशियन. बोटीला रोज किती वीज लागेल, ते आधी काढावं लागतं. प्रत्येक वस्तूचे वॉट गुणिले ती चालते ते तास. त्या बेरजेला बॅटरीच्या बारा व्होल्टने भागलं की अँपिअर-अवर मिळतात. काकांनी फ्रीज, दिवे, पंप, टीव्ही आणि मिक्सर एवढंच सांगितलं होतं.

"जास्त असलेलं बरं," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "काका, ही लोणच्याची बरणी नाही. वापराल तेवढं रोज इंजिन चालवून परत भरावं लागतं. खरा वापर कळला नाही तर चार्जिंग कमी पडेल आणि एखाद्या रात्री सगळं बंद."

त्यांचा चेहरा उतरला.

काकू चहा घेऊन आल्या. चार पावलांत त्यांना धाप लागली होती. "अहो, माझं ऑक्सिजनचं मशीन सांगितलंत का?"

"अजून आणलंय कुठे? कशाला आत्तापासून तोंडातून काढायचं?"

"डॉक्टर म्हणालेत ना लागेल म्हणून? तुम्ही बोलला नाहीत म्हणून टळणारे का?" मग माझ्याकडे वळून, "तू धर गं. रात्रभर चालणार."

साडेतीनशे वॉट, दहा तास. एकटं मशीन बाकी सगळ्याच्या तिप्पट वीज खाणार होतं. त्यात या बॅटऱ्या निम्म्याच रिकाम्या करायच्या, नाहीतर लवकर मरतात. म्हणजे काकांचा अंदाजही तोकडाच होता. मी बॅटऱ्या वाढवल्या, आणि त्या भरण्यासाठी इंजिनवर मोठा अल्टरनेटर बसवला. काका शेजारी उभे राहून प्रत्येक वायर बघत होते. मला माझ्या चढ्या आवाजाचं वाईट वाटलं.

समरभर आणि ऑटममध्येही काकू बोटीवर राहिल्या. मशीन एकाही रात्री थांबलं नाही. ख्रिसमसच्या आधी त्या गेल्या, बोटीवरच, त्यांना हवं होतं तसं.

काका नंतर यार्डात आले. "परत हिशोब करून दे. मशीन न धरता."

करायचं काहीच नव्हतं. आकडा पहिल्या दिवशीचाच होता. तरी मी एकेक वस्तू विचारत गेले आणि ते सांगत गेले. मिक्सरशी थांबले. "तोही काढ," म्हणाले.

आता मी कुठल्याही बोटीवर वॉट नंतर विचारते. आधी विचारते, रात्री काय बंद पडलेलं चालणार नाही?