हुदहुदचा तुरा

कैरोजवळच्या हिलवानमध्ये अजून सांगतात, की मदाम वगीदाने कोरियावाल्यांकडून पैसे खाल्ले आणि हुदहुद मोटारींचा कारखाना बुडवला. भाजीवाला सांगतो, न्हावी सांगतो, मेट्रोत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा कानाशी लागून सांगतो. साफ खोटं. बाईने एका दमडीला हात लावला नाही. तिने कारखाना फुकट बुडवला.

तसा तो बुडतच होता म्हणा. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर पाय ठेवून कुणी निवांत बुटाची नाडी बांधावी, तेवढंच तिने केलं.

निवृत्तीचं वय उलटूनही वगीदा कारखान्याच्या प्रसिद्धी खात्याची प्रमुख होती. खात्यात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हाताखालच्यांवर काढायचा सगळा राग ती इतर खात्यांवर काढायची. बोलण्याआधी नाकातून एक 'हुं' निघायचा, आणि तो निघाला की समोरच्याने सावध व्हायचं. मुलगी झाली म्हणून पेढ्यासारखी मिठाई वाटत आलेल्या पहारेकऱ्याला ती म्हणाली होती, "हुं. बापावर गेली नाही ना? मग वाट." कामगार संघटनेचा पुढारी अब्दुलगफ्फार, त्याची बायको माहेरी निघून गेली, तेव्हा भरल्या कॅन्टीनमध्ये हिने विचारलं, "हुं. भाषण घरीसुद्धा करायचास का रे?" कारखान्यात तिच्या जिभेला पत्रा दाबायची दोन नंबरची प्रेस म्हणत. एक नंबरच्या प्रेसखाली फक्त बोटं जायची.

या बाईच्या अंगावर मऊ जागा एकच, तिचा नवरा गलाल. तो आराखडे काढणाऱ्यांच्या खोलीत होता. बुटका, अबोल, कायम कानावर पेन्सिल. त्यानेच तरुणपणी कंपनीचं चिन्ह काढलं, डोक्यावर पंख्यासारखा तुरा उभारलेला हुदहुद पक्षी. गलाल जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जे काही त्याचं मागे उरलं होतं ते गाड्यांच्या नाकावर चमकत रस्तोरस्ती धक्के खात फिरत होतं. रोज सकाळी फाटकाशी पोचली की वगीदा मान वर करून फाटकावरच्या पत्र्याच्या मोठ्या पक्ष्याकडे बघायची. नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना ती हुद्दा सांगायची नाही. म्हणायची, "हुं. हुदहुद आमच्या घरचा."

गाड्यांवरच्या पक्ष्याची चोच आधी लांब आणि बाकदार होती. पण रस्त्याने जाणाऱ्यांचे झब्बे तिच्यात अडकून फाटायला लागले, म्हणून साचेवाल्यांनी ती छाटून आखूड केली. तेव्हा वगीदा साचेवाल्यांशी कित्येक महिने बोलली नाही, आणि ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे गेले. चोच गेल्यावर हुदहुदपणाचा सगळा भार तुऱ्यावर आला.

पुढे गाड्या खपेनात. हुदहुदला धक्का मारायला तिघं लागतात आणि चौथा दुआ मागायला, हा विनोद गाडीइतकाच जुना. मंत्रालयातून निरोप आला की काहीतरी करा. इंजिन बदलायचं तर खर्च, सीट बदलायच्या तर खर्च, रंग बदलायचा तरी खर्च. सगळ्यात स्वस्त काय, तर चिन्ह. कंपनीचे अध्यक्ष शौकत बे यांनी कैरोच्या जमालेक या श्रीमंत वस्तीतून यारा नावाची एक सल्लागार मुलगी बोलावली.

गुरुवारी बैठक भरली. याराने पडद्यावर जुना पक्षी दाखवला आणि तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलायला लागली, "आम्ही लोकांना विचाऽरलं, हे चिन्ह बघून काय आठवतं? पहिलं उत्तर आलं, मेकॅऽनिक. दुसरं आलं, दिवंगत काका." मग तिने नवं चिन्ह दाखवलं. एक गोल, त्यात एक चीर. "यात वेग आहे, मोकळेपणा आहे."

"हुं," वगीदा म्हणाली, "मोरीच्या भोकावरची जाळी आहे. पाणी मात्र बेस जाईल हो."

खोली हसली. निम्मे लोक गोलाच्या बाजूचे, निम्मे पक्ष्याच्या. शौकत बे कुठल्याच बाजूचे नव्हते. 'इन्शाअल्ला'ने सुरू होऊन 'एक प्रकारे'ने संपणारी त्यांची वाक्यं मधे कुठेही टेकत नसत. ते म्हणाले, "इन्शाअल्ला आपण सगळ्यांचंच ऐकू, एक प्रकारे."

वगीदा याच क्षणासाठी थांबली होती. निवृत्त मुख्य इंजिनिअर हाजी जगलूल यांना तिने स्वतः गाडी पाठवून बोलावून आणलं होतं. गलालचा हा जुना दोस्त, नव्वदीला टेकलेला. म्हाताऱ्याने दोन शब्द बोलावेत, डोळे पुसावेत, आणि पक्ष्यावर कायमचं शिक्कामोर्तब व्हावं, असा तिचा बेत. हवं तसं बोलायला ती त्याला गाडीतच शिकवत आली होती.

जगलूल उठले. त्यांची कवळी सैल होती, 'स' आला की शिट्टी वाजायची. "पोरांनो," ते म्हणाले, "हा पक्षी नुसतं चित्र नाही. यात जीव आहे. गलालने मला स्वतः सांगितलं होतं, जिन्याखाली, सिगारेट ओढताना. म्हणाला, जगलूल, तुरा काही जमत नव्हता, आणि मग टायपिंगमधल्या त्या सुआदचे केस बघितले. असे उभे! तसाच्या तसा कागदावर उतरवला." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं. "अशा प्रेमाने काढलेली वस्तू तुम्ही पुसणार?"

चहाच्या पेल्यात चमचा ढवळणारा ढवळायचा थांबला. सगळे वगीदाकडे बघत होते, आणि हिच्या जिभेखाली कधी ना कधी बोट गेलं नाही असा त्या खोलीत एकही नव्हता. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. तोंड उघडलं ते अब्दुलगफ्फारने.

"म्हणजे मदाम, हुदहुद तुमच्या घरचा नव्हे तर! शेजारचा."

असा हशा त्या खोलीत कारखाना नफ्यात असतानाही झाला नव्हता. कुणी टेबल बडवलं. शौकत बेंनी रुमाल तोंडावर धरला, पण रुमाल हलत होता. जगलूलना कमी ऐकू यायचं. आपलं भाषण लोकांना आवडलं असं वाटून तेही हसायला लागले, शिट्टी वाजवत.

वगीदा बसून राहिली. गलाल बारा वर्षांपूर्वी गेला होता, पण विधवा ती आत्ता, या टेबलापाशी झाली. तिला त्याचा कानावरचा पेन्सिलीचा तुकडा आठवला, आणि तो ओढून काढून मोडावासा वाटला. हशा विरत आला तसा तिचा आवाज आला.

"हुं. हाजी बरोबर बोलले. तुरा जुन्या फॅशनचा आहे. तेवढा काढा. पक्षी ठेवा. म्हणजे ज्यांना जुनं हवंय त्यांना जुनं, ज्यांना नवं हवंय त्यांना नवं."

शौकत बेंचा चेहरा उजळला. निम्म्यांना निम्मं! असा तोडगा त्यांना सबंध नोकरीत कुणी आयता दिला नव्हता. "गलालसाहेबांच्या घरूनच संमती आली, मग प्रश्नच मिटला, एक प्रकारे." याराला बहुधा घरी जायची घाई होती. तिने यंत्रावर दोन टिचक्या मारल्या आणि पडद्यावरून तुरा पुसला गेला.

आखूड चोच. गोल डोकं. फुगलेली छाती.

"सुंदर!" शौकत बे म्हणाले.

"पण ही तर..." यारा म्हणाली.

"बेटी, हुदहुदच आहे. जरा पोक्त झालाय, इतकंच."

अध्यक्षांनी एकदा सुंदर म्हटल्यावर दाणे टिपणारी कोंबडीसुद्धा हुदहुदच असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी नवे साचे कापायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी वगीदाने सुआदच्या दाराची घंटा वाजवली. सुआद म्हणजे माझी आजी, म्हणून पुढचं मला ठाऊक. टायपिंग सोडून तिला जमाना लोटला होता आणि हशाची बातमी तिच्यापर्यंत आदल्या संध्याकाळीच पोचली होती. वगीदा आत आली, बसली, समोरच्या चहाकडे तिने बघितलंही नाही.

"रुमाल काढ."

"या बया! दुआ नाही, सलाम नाही, आल्या आल्या—"

"काढ म्हणते ना. बघू दे मला काय होतं ते."

आजीने डोक्याचा रुमाल सोडला. उकडलेल्या अंड्याला कापूस चिकटावा तसे चार पांढरे केस.

"हुं," वगीदा म्हणाली. "यासाठी?"

आजी हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता मांडी बडवायला लागली. "अगं वेडे! ते केस माझे होते कुठे? तूच करायचीस की! टायपिंगच्या मागच्या मोरीत उभं करून. साखरेचं पाणी, आणि तुझा तो दोन दात पडलेला हिरवा कंगवा. तू टायपिंगमध्ये होतीस तेव्हाची, लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. आम्हा सगळ्यांची डोकी तू उभी करायचीस, स्वतःचंही. रांगेने बाहेर पडलो की अब्दुलगफ्फारचा बाप ओरडायचा, आला बघा हुदहुदांचा थवा!"

वगीदाने चहाचा पेला जवळ ओढला.

"आता गलालने कुणाचं डोकं बघितलं आणि जगलूलला कुणाचं नाव सांगितलं, अल्ला जाणे. त्याला बायकांची नावं कधी लक्षात राहायची? मला तर तो फातन म्हणायचा. पण डोकं कुणाचंही असो, हात तुझाच होता, वगीदा."

वगीदाने हात उताणे करून बघितले. म्हणाली, "साखरेच्या पाण्याने मुंग्या यायच्या."

"टायपरायटरपर्यंत!"

क्षणभर दोघी टायपिंगच्या पोरी झाल्या. मग वगीदा उठली. जिन्यापर्यंत पोचवायला मी गेले तेव्हा तिचा चेहरा इतका मऊ दिसत होता की माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "खाला, उद्या तुम्ही साचेवाल्यांना सांगून तुरा परत लावून घेणार. पैज."

"हुं. कसली?"

"अर्धा किलो बसबूसा मिठाई."

"बदाम लावलेली," ती म्हणाली आणि उतरून गेली.

शनिवारी ती कामावर गेली. साचेखाना एका फोनच्या अंतरावर होता. आणि ती सांगणार होती, हे खरं. मनात वाक्यही तयार होतं: काल घाईत बोलले, तुरा राहू द्या. एवढंच. कुणी कारण विचारलं नसतं. तिने फोन उचलला आणि सवयीने खिडकीतून फाटकावरच्या पक्ष्याकडे बघायला मान वळवली.

पक्ष्याखाली अब्दुलगफ्फार पहारेकऱ्यांच्या घोळक्यात उभा होता. दोन्ही हातांचे पंजे डोक्यावर तुऱ्यासारखे उभे धरून तो ठुमकत होता आणि नाकातून 'हुं, हुं' करत होता. मुलगी झाली म्हणून मिठाई वाटणारा पहारेकरी भिंतीला टेकून पोट धरून हसत होता.

वगीदाने त्याचं नाचून होईपर्यंत बघितलं. मग फोन जागेवर ठेवला, नीट, आवाज न करता.

रविवारी साचे कापले गेले. नव्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि पोरं त्यांच्यामागून पंख फडफडवत धावायला लागली. टॅक्सीवाले दुकानात शिरून विचारायचे, "पेट्रोलवर चालते की कण्यांवर? दिवसाला अंडी किती?" वाहतूक पोलीस शिट्टी न वाजवता कोंबडी हाकल्यासारखं 'हुश् हुश्' करायचे. शुब्रा वस्तीतल्या एका नवरदेवाच्या सासऱ्याने मांडवातच सांगितलं, माझी मुलगी कोंबडीतून सासरी जाणार नाही, आणि मुलगी उलट्या पावली माहेरी गेली. धक्का मारायला लागणारी गाडी माणूस एक वेळ घेतो. जिच्यावर शेजारी हसतात ती घेत नाही. शौकत बेंना मंत्रालयात बढती मिळाली. उरलेल्यांना फाटकाबाहेर उभं करून कुलूप लावलं. अब्दुलगफ्फार आता मेट्रोच्या पायऱ्यांवर मोबाइलची कव्हरं विकतो, आणि पोलीस आले की पंजे डोक्यावर धरूनच पळतो, कारण कव्हरांची टोपली डोक्यावर असते.

कुलूप लागलं त्या दिवशी फाटकाशी बायका ऊर बडवत होत्या. वगीदा त्यांच्यामधून वाट काढत थेट आमच्याकडे आली आणि जिना चढून धापा टाकत दारात उभी राहिली.

"हुं. अर्धा किलो. बदाम लावून."

मी खाली धावले, घेऊन आले. तिने उभ्या उभ्या डबा उघडला, बदाम एकेक टिपून आधी खाल्ले, मग वड्या. मी विचारलं, "खाला, एक फोन तर करायचा होता. इतकी माणसं घरी बसली."

"हसत होती ना सगळी?" ती बोटं चाटत म्हणाली. "मला हसत होती. मग कोंबडीला हसायला लागली." तिने डबा तिरका करून बघितला. "पाक कमी घातलाय. लुबाडलं तुला."

आजीला एक वडी ठेवा म्हणेपर्यंत डबा रिकामा झाला होता.