गवत कापायच्या यंत्राच्या खोडी

“गुण नगं सांगू पोरी. खोड सांग आधी.”

हे म्हणताना आबांचा हात माझ्या मोबाइलच्या पाठीवर असायचा, बाजारात बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. पडद्यावर गवत कापायचं एखादं चकचकीत यंत्र असायचं. ते घेऊन पस्तावलेल्या लोकांनी इंग्रजीत जे लिहिलेलं असे, ते मी त्यांना मराठीत सांगायची.

आबा म्हणजे शेजारच्या ताईंचे वडील. माण तालुक्यातले. निम्मं आयुष्य मेंढरांमागे, उरलेलं थोड्याशा शेतीत. बायको गेल्यावर ताईंनी त्यांना साताऱ्याला आणलं. लेकीच्या घरी बसून खायचं त्यांना जड जात होतं; त्यांचं जेवतानाचं अवघडलेपण तुम्ही एकदा पाहिलं असतं, तरी तुमच्या ते लक्षात आलं असतं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते विळा घेऊन घरापुढच्या लॉनवर उकिडवे बसले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा वाढलेलं असे.

“हे बरं हाय,” ते म्हणायचे, “संपतच न्हाई.”

एप्रिलमध्ये भर उन्हात ते लॉनवरच चक्कर येऊन पडले. संध्याकाळी ताईंचे मिस्टर म्हणाले, “मामा, आता मशीनच घेऊ या.”

“घ्या की पाव्हणं,” आबा म्हणाले. आणि आतल्या खोलीतली आपली कापडी पिशवी त्यांनी व्हरांड्यातल्या खिळ्याला आणून अडकवली.

“मशीन आलं की गावाला जातो म्हणतात,” ताई कुंपणापाशी येऊन मला हळूच म्हणाल्या. “तिकडं घराला कुलूप. चक्कर आली तर पाणी कोण देणार? आणि इथं उन्हात बसू द्यायचं तर तेही...” वाक्य तिथंच राहिलं. मग म्हणाल्या, “तुझं इंग्रजी चांगलंय. कुठलं घ्यायचं ते तूच वाचून सांग. ह्यांना रविवारी ठरवायचंय.”

मी कुणाच्या घरी सहसा जात नाही. गेलेच तर काय बोलायचं ते फाटकाशी उभी राहून आधी मनात म्हणून घेते. त्या आठवड्यात मात्र रोज गेले.

विजेवरच्या यंत्राबद्दल लोकांनी लिहिलं होतं, की जरा लक्ष चुकलं तर ते स्वतःचीच वायर कापतं. आबा खुशीत आले. “सोताचं दावं खातंय! नगं.”

पेट्रोलचं यंत्र दोरी ओढ ओढ ओढल्याशिवाय सुरू होत नाही.

“बसकं हाय. शेपटी पिरगाळल्याबिगर उठायचं न्हाई. फुडं.”

बॅटरीचं अर्ध्या तासात थांबतं.

“धापतंय.”

एकदा त्यांनी विचारलं, “तुज्या विंग्रजीत खोडीला काय म्हंत्यात?”

“डिफेक्ट,” मी म्हणाले.

“त्यो दोष झाला गं. लंगडत आसंल तर दोष. चांगलं धडधाकट आसून मानूस दिसला की लाथ घालतंय, ती खोड.” मग खिळ्यावरच्या पिशवीकडे बघत म्हणाले, “मानसाला बी आसती. माजी हाय. रिकामं बसवत न्हाई.”

मी पुढचं यंत्र उघडलं.

शनिवारी हातानं ढकलायच्या यंत्रापाशी आलो. वायर नाही, पेट्रोल नाही. आबांनी बराच वेळ चित्र न्याहाळलं.

“ह्यात काय खोड?”

“याला माणूस लागतो,” मी म्हणाले.

“मग ह्ये येक बरं म्हनायचं,” ते म्हणाले. पण आतून ताईंनी ऐकलं होतं. दारात येऊन त्या एवढंच म्हणाल्या, “उन्हात ढकलायचं नाही, आबा.” आबांनी माझ्या फोनवरचा हात काढून घेतला.

घरी येऊन मी पुन्हा सगळं वाचायला घेतलं. कुठलंसं यंत्र निवडण्यासाठी नव्हे, हे आता माझं मलाही कळत होतं. आणि सापडलं. एवढे दिवस डोळ्यांसमोर होतं, मी ते सोडून पुढं जात होते.

रविवारी सगळे व्हरांड्यात बसले होते. ताईंच्या मिस्टरांनी विचारलं, “मग? कुठलं?”

“बॅटरीचं,” मी म्हणाले. आबांनी मान खाली घातली. “पण त्याला एक खोड आहे. सगळ्याच यंत्रांना आहे. भिंतीला लागून पातं जात नाही. वीतभर कड राहते. ती हातानंच काढावी लागते.”

“राहिली तर राहिली,” ताईंचे मिस्टर म्हणाले. “वीतभरानं काय होतंय?”

मी आबांकडे बघितलं.

“आवं पाव्हणं,” आबा म्हणाले, “मेंढरू कातरायचं आन् शेपटीकडची लोकर तशीच ठिवायची व्हय?”

पहिल्यांदा ताई हसल्या. मग त्यांचे मिस्टर. “बरं मामा, कड तुमची. पण सावली असेल तेव्हाच.”

“भिंतीची सावली सकाळी असते,” मी घाईघाईनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खिळा रिकामा होता. पिशवी आत गेली होती.

पुढं दीड वर्ष तसंच चाललं. मध्ये यंत्र, कडेला आबा. बॅटरी संपून यंत्र थांबलं की कडेवरून आवाज यायचा, “धापलं का? बस जरा. मी हाय.”

गेल्या हिवाळ्यात ते गावी भाच्याच्या लग्नाला गेले. “कड वाढंल. बेस्तरवारी म्हागारी येतो,” असं मला कुंपणावरून सांगून गेले. लग्नाच्या रात्री मांडवातच झोपले. सकाळी उठले नाहीत.

आता लॉन गुळगुळीत असतं, आणि भिंतीच्या पायाशी गुडघ्याएवढं गवत. ताईंचे मिस्टर यंत्र तिथवर नेतात, थांबतात आणि वळवतात.

परवा ताई कुंपणापाशी आल्या. “कडेसाठी वेगळं छोटं मशीन मिळतं म्हणे. ह्यांनी तुला बघायला सांगितलंय.”

“बघते,” मी म्हणाले. “पण सगळ्यांच्या खोडी वाचायला वेळ लागेल.”

ताई त्या गवताकडे बघत होत्या.

“लागू दे,” त्या म्हणाल्या.