मामांची कॉमेंट्री आणि अण्णांचा डबा

टीव्ही शांतपणे बघायचा असतो हे कोल्हापुरात कुणालाच शिकवलेलं नाही, पण आमच्या आत्तीचे मिस्टर ज्या आवाजात टीव्ही बघतात, त्या आवाजात जगात कुणी काहीच बघत नसणार. आत्तीचा नवरा म्हणून ते आमचे मामा. आम्ही म्हणतो म्हणून गल्लीचे मामा, आणि गल्ली म्हणते म्हणून अख्ख्या मार्केट यार्डाचे मामा. यार्डात त्यांची गुळाची अडत. आयुष्यभर सौद्यात वरडून वरडून आवाज असा कमावलेला की घरात त्यांनी 'मीठ दे' म्हटलं तर शेजारची बाई वाटी भरून दारात उभी. आणि हा आवाज ते खर्च कशावर करतात? क्रिकेटवर न्हाय, इलेक्शनवर न्हाय. ज्या गावात पेठेच्या फुटबॉलवरनं भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो, त्या गावात आमचे मामा बघतात फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यती. चारी चाकं उघडी, डोक्यावर छप्पर न्हाय, नाक मुंगसासारखं लांब, असल्या गाड्या.

मी आजऱ्यासनं कॉलेजला आलो आणि आत्तीकडं राहिलो तेव्हा पहिल्याच रविवारी मला कळलं की या घरात शर्यत बघत नाहीत, ती घेतात. आधी इंग्लिश कॉमेंट्री बंद. "ती गोरी माणसं नुसती किचाळत्यात, सांगत कायबी न्हाईत." मग मामा रिमोट तोंडापुढं धरणार आणि कुस्तीच्या मैदानात लाऊडस्पीकरवर बोलतात तशी शुद्ध मराठी सुरू करणार. एरवी 'हाय-न्हाय' करणारा माणूस रिमोट हातात आला की एकदम 'या ठिकाणी'वर येतो. "या ठिकाणी लाल गाडीनं निळ्या गाडीचा पट काढण्याचा प्रयत्न केलेला आहे! निळी गाडी सावध आहे! लाल गाडी आतून घुसलेली आहे, आणि मंडळी..." आणि मंडळी नेमक्या त्या वेळेला मामांचा अंगठा चुकून बटणावर पडणार आणि लाल गाडीच्या जागी कुणीतरी भुईमुगावर फवारणी करत असणार. मग आत्ती आतनं म्हणणार, "बसा आता शेंगा सोलत."

मामांची खुर्ची चाकांची. वळण आलं की ते खुर्चीसकट कलतात, आणि सोफ्यावर बसलेल्यांनी पण कलायचं असा नियम. मी एकदा ताठ बसलो तर म्हणाले, "ए पावणं, वजन आत टाका की! आमची गाडी घालवताय काय?" मोनॅकोच्या शर्यतीला तर इतकी वळणं असतात की संपल्यावर मला आजऱ्याच्या घाटातनं एसटीनं आल्यागत मळमळत होतं. ड्रायव्हरांची खरी नावं मामांना पाठ, पण घ्यायची न्हाईत. एक 'बारका'. एक 'जावई', कारण पहिली जागा मिळाली न्हाय की तोंड पाडून बसतो. पाऊस पडला की पुढं येणारा एक आहे, तो 'शाहूवाडीकर', तिकडं पाऊस लई म्हणून.

पण गंमत खरी पुढं आहे. तीनशेच्या स्पीडवर जीव टाकणारा हा माणूस स्वतः स्कूटर वीसच्या वर नेत न्हाय. मागं आत्ती, पुढं पायात पिशवी, आणि सायकलवाला जरी पुढं असला तरी मामा त्याच्या मागं मागं. मी एकदा विचारलं, "मामा, घाला की पुढं, रस्ता मोकळा हाय." तर आरशात बघून म्हणाले, "टायर जपाय लागतंय. शर्यत लांबची हाय." आम्ही महाद्वार रोडला भाजी आणायला निघालो होतो. आत्ती म्हणते, यांच्या मागं बसण्यापेक्षा मी चालत गेले असते तर येताना हे मला वाटेत भेटले असते. पंक्चरवाल्याला पण सुट्टी न्हाय. शर्यतीत दोन-तीन सेकंदांत चारी चाकं बदलतात हे मामांनी त्याला मोबाईलवर दाखवलं. तो बघून म्हणाला, "मामा, एवढ्या टायमात मी चुना पण लावत न्हाय."

तर, अशा या शर्यतीच्या दरबाराला एके काळी सोफा पुरायचा न्हाय. मग हळूहळू लोक गळाले. गल्लीतली पोरं मोबाईलवर पाच मिनिटांचं कापलेलं बघायला लागली. "मामा, सगळं मोक्याचं तेवढंच दाखवत्यात." मामा म्हणाले, "आरं, जेवायचं सोडून नुसता ढेकर दिल्यागत हाय ते." कुणी म्हणालं गाड्या लई लांब-रुंद झाल्या, पुढच्याला ओलांडता येत न्हाय, कुणी म्हणालं बटण दाबून स्पीड वाढवायचा ह्यात कसली मर्दानगी. मामा प्रत्येकाशी भांडले. "पूर्वी कुस्ती निकाल लागूस्तोवर चालायची, आता गुणावर सोडवत्यात. म्हणून पैलवान दूध प्यायचा थांबला काय?" पण भांडण जिंकलं तरी माणूस परत येत न्हाय. शेवटी सोफ्यावर उरले दोघं. मी, आणि कुरुंदवाडचे अण्णा.

अण्णा म्हणजे मामांचे जुने दोस्त. यांचा गूळ पिढ्यान्‌पिढ्या मामांच्याच अडतीला. लेक कोल्हापुरात दिलेली, त्यामुळं रविवारी लेकीकडं यायचं आणि संध्याकाळी मामांकडं, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पांढरी टोपी, हातात लेकीनं दिलेला डबा. अण्णा जैन, दिवस बुडायच्या आत जेवणार, नंतर पाण्याचा थेंब न्हाय. जेवताना बोलणार न्हाईत आणि टीव्हीसमोर तर बसणारच न्हाईत. युरोपातली शर्यत आपल्याकडं सुरू होते तिन्हीसांजेच्या आधी. म्हणजे थोडी शर्यत झाली की अण्णा डबा घेऊन मागच्या पडवीत, आणि जेवून परत सोफ्यावर. मामांची कॉमेंट्री आणि अण्णांचं "ह्यॅ!" ह्या दोन आवाजांवर रविवार चालायचा. एक कौतुक करणारा, दुसरा मोडता घालणारा. दोघांपैकी एक नसला तर शर्यतच न्हाय.

आणि एका रविवारी अण्णांनी शर्यत संपायच्या आधीच टोपी घातली. "मामा, रागवू नगा. पर आता यात काय ऱ्हायलं न्हाय. पुढं एक, मागं सगळी. आमच्या कारखान्याच्या गेटावर उसाच्या गाड्यांची लाइन बगितली तर निदान भांडणं तरी बगाय मिळत्यात. मी आता येत न्हाय."

मामांनी एवढंच म्हटलं, "बरं." त्या माणसानं एवढ्या हळू आवाजात काढलेला तो पहिलाच शब्द असेल.

पुढच्या शर्यतीला मामा खुर्चीत बसले, पण रिमोट टेबलावरच. इंग्लिश कॉमेंट्री चालू. वळणं येत होती, खुर्ची ताठ. आत्तीनं आतनं दोनदा डोकावून बघितलं, बरं वाटत न्हाय की काय म्हणून. मग मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला समद्यांचं आवाज काढता येत्यात न्हवं?" खोटं कशाला, येतात. शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी दिलेली आहे. "मग अण्णाचा काढ की."

मी सोफ्याच्या अण्णांच्या कोपऱ्यात सरकलो, ओठ आत घेतले आणि म्हटलं, "ह्यॅ! काय होत न्हाय बगा, मामा."

मामांचा चेहरा असा फुलला! "होत न्हाय कसं? डोळं उघडा की अण्णा!" रिमोट हातात, इंग्लिश बंद, 'या ठिकाणी' सुरू. मी मोडता घालतोय, मामा उसळतायत, खुर्ची कलतेय. आता नक्कल करायची तर पुरी करायची, ही माझी खोड. उन्हं कलली तसा मी अण्णांसारखा गुडघ्यावर हात ठेवून उठलो, आत्तीकडनं ताटात भाकरी-भाजी घेतली आणि पडवीत जाऊन न बोलता, सावकाश, एकेक घास चावून जेवलो. तोंड पुसत आलो, बसलो, म्हटलं, "काय झालं काय? का हाय तसंच?"

टीव्हीवर बघतो तर पुढचा मागं, मागचा पुढं, 'जावई' चक्क पहिला आणि दोन गाड्या वाळूत.

"आरं, आत्ताच तर समद्यांनी चाकं बदलली. इथंच तर उलटापालट झाली." मामा रिमोट धरून तसेच बसले. मग हळूच म्हणाले, "अण्णा बी दर रविवारी ह्याच टायमाला उठतोय."

इतकी वर्षं तो माणूस कुस्तीला यायचा आणि डाव पडायच्या वेळेला पडवीत भाकरी मोडत बसायचा. परत येऊन बघणार तर गाड्यांची लाइन लागलेलीच. तो बिचारा दुसरं काय म्हणणार? आणि आपला दोस्त कधी उठतो, कधी बसतो, हे कॉमेंट्रीच्या नादात मामांनी पण कधी बघितलं नव्हतं. मामांनी तिथंच फोन लावला. "अण्णा, तुमची चूक न्हाय. चूक सूर्याची हाय."

अण्णा यायला तयार झाले, पण अटी कायम. जेवताना बोलणार न्हाय, टीव्ही बघणार न्हाय. मामा म्हणाले, "बोलू नगा, बगू नगा. टीव्हीकडं पाठ करून बसा आणि फकस्त ऐका. बाकी माझ्यावर सोडा."

आता मामांची खरी परीक्षा. तो रविवार आला. आत्तीनं हॉलमध्ये पाट मांडला, अण्णा टीव्हीकडं पाठ करून बसले, डबा उघडला. मामांनी रिमोट धरला. आणि देवाशप्पथ, तेवढ्यात शर्यतीला जी झोप लागली म्हणता! चाकं बदलायचं सगळ्यांनी लवकरच उरकलेलं, पुढं निळी, मागं केशरी, त्याच्या मागं सगळी रांगेत. कुणी हलायला तयार न्हाय. मामांच्या कपाळावर घाम. मी कानाशी जाऊन म्हटलं, "मामा, द्या की ठोकून! दोन गाड्या आपटवा. त्यांची पाठ हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "पाठ हाय म्हणून तर खोटं बोलवंना."

आणि रिमोट खाली ठेवून, 'या ठिकाणी' वगैरे सोडून, साध्या आवाजात म्हणाले, "अण्णा, खरं सांगतो. काय होत न्हाय. निळी पुढं, केशरी मागं. पर तुम्ही मैदानात बगितलंय न्हवं, दोन पैलवान एकामेकाच्या मानंवर हात ठेवून नुसतंच उभं ऱ्हात्यात? लांबच्याला वाटतंय झोपल्यात. पायाची बोटं बगायची त्यांची, मातीत कशी रुतल्यात. तसं चाललंय. केशरी प्रत्येक वळणाला नाक काढून बगून येतीया. जाईत न्हाय. टायर जपतीया. आणि निळीची मागली चाकं... थांबा... आत्ता जरा सटाकली. गेल्या फेरीला न्हवती सटाकली. त्यालाबी कळलंय. आता ह्यो घाबरणार. घाबरला की ब्रेक आदी मारणार... मारला. केशरी जवळ आली. अजून जवळ. आता दार उघडंना, आणि ही हटंना."

सगळं घर ऐकत होतं. आत्ती दारात, हातात झारा तसाच. मी टीव्ही बघायचा सोडून अण्णांकडं बघत होतो. त्यांचा घास डब्याच्या आणि तोंडाच्या मधे थांबलेला. कान मागं. "आली... आली... न्हाय, दाबलं निळ्यानं. परत मागं. परत यायला लागली बगा..." घास तिथंच. फेरीवर फेरी. मग आत्तीनं देवापुढं दिवा लावला तेव्हा अण्णांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. दिवस बुडालेला. डब्यात अख्खी भाकरी शिल्लक.

हातातला घास त्यांनी डब्यात ठेवला, झाकण लावलं, हात धुतला आणि सोफ्यावर येऊन टीव्हीला नाक लावून बसले. म्हणाले, "बाहेरनं जाईल."

"आतनं!" मामा उसळले.

"बाहेरनं म्हणतोय की! वाळूवाल्या वळणाला!"

"अण्णा, तुम्ही गूळ बगा, गाडीतलं आमाला सांगू नगा!"

केशरी शेवटपर्यंत ना आतनं गेली ना बाहेरनं. दुसरी आली. कागदावर बघाल तर त्या शर्यतीत काही घडलं न्हाय, आणि मोबाईलवरच्या पाच मिनिटांत ती बसवायची म्हटलं तर एक मिनिट पण पुरं भरणार न्हाय. पण एक माणूस तिच्यापायी सकाळपर्यंत उपाशी राहिला, आणि ती गेली असती तर कुठनं गेली असती यावर दोघं गेटापर्यंत भांडत गेले. गेटावर अण्णांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठं हाय?"

"पुढच्या रविवारी न्हाय. सुट्टी हाय त्यास्नी."

"आसं." अण्णा टोपी नीट करत राहिले. "मग?"

"मग काय? या की."

पुढच्या रविवारी मी कॉलेजच्या नाटकाची तालीम करून आलो. दार उघडं. अण्णा जेवून आलेले, डबा शेजारी रिकामा. मामा खुर्चीत. टीव्ही बंद, आणि त्या काळ्या पडद्यासमोर दोघं बसलेले. रस्त्यावरनं एखादी गाडी गेली की दोघांची मान थोडी वळायची, आणि परत जागेवर. दोस्तांना नक्कल करून दाखवायला म्हणून मी दारातच उभा राहून निरखत होतो. कुठला शब्द उचलावा, कुठला हेल धरावा. पण धरायला आवाजच नव्हता. मामांनी मला बघितलं आणि पाय जरा आत घेतले, वाट द्यायला. मी चप्पल काढली आणि जाऊन दोघांच्या मधे बसलो.